होम प्लेटमागचा मोसम

मार्च संपत आला की शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गमध्ये वसंत आला असं टीव्हीवरचा हवामानवाला सांगतो. आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये ट्रकनं ढकलून रचलेला बर्फाचा ढीग तोवर काळाकुट्ट होऊन कोपऱ्यात ठाण मांडून बसलेला असतो, आणि वारा असा सुटतो की कानटोपी काढायची हिंमत होत नाही. मला वसंताची खबर वेगळीकडून मिळते. शेजारच्या ड्राइव्हवेमध्ये बाप आणि लेक जाड जाकिटं घालून समोरासमोर उभे राहतात, आणि चामड्याच्या ग्लव्हमध्ये चेंडू पडल्याचा आवाज येतो. थप्प. जरा थांबून पुन्हा थप्प. काल संध्याकाळी तो आवाज आला आणि मी गॅस बंद करून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"झालं," सुहास म्हणाला. "लागलं खूळ."

सुहास माझा नवरा. दोन वर्षांपूर्वी आमची सई नोकरीसाठी जर्सी सिटीला गेली, घर एकदम गप्प झालं, आणि तेव्हापासून त्याला हा शब्द सापडलाय. पन्नाशीला टेकलेल्या बायका योगा शिकतात, गाणं पुन्हा सुरू करतात, मंडळाच्या नाटकात उभ्या राहतात. मी लायब्ररीच्या फळ्यावर एक कागद वाचला. पलीकडच्या गावातल्या मुलांच्या बेसबॉल लीगला अंपायर हवे होते, अनुभवाची अट नव्हती. अट नव्हती हे मला फार आवडलं. सईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, आर यू सीरियस? दे'ल ईट यू अलाइव्ह!"

खाऊन टाकतील म्हणे. मी विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि त्या त्यांना गोड शब्दांत कळवायच्या, हे मी बावीस वर्षं करते आहे. आठ-दहा आईबाप ओरडले म्हणून मी घाबरणार होते थोडीच!

मला शिकवलं हॉलिस यांनी. निवृत्त पोस्टमन, वय पंचाहत्तर, कृष्णवर्णीय, हाडापेरानं उंच, आणि बोलणं इतकं सावकाश की मध्ये चहा होऊन यावा. पहिल्या दिवशी मी मिस्टर हॉलिस म्हटलं तर म्हणाले, नुसतं हॉलिस म्हण. माझी जीभ काही रेटेना. त्यामुळे तोंडानं मिस्टर आणि मनातल्या मनात हॉलिसकाका, असं आमचं अजून चालू आहे. शाळेच्या जिममध्ये त्यांनी मला कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या, मागे वाकून उभं राहायला शिकवलं. जमिनीतली ती पाच कोनांची पांढरी होम प्लेट. चेंडू तिच्यावरून गेला, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यातून गेला, तर स्ट्राइक; नाहीतर बॉल. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट. एवढंच. मग ते म्हणाले, "आधी बघ. मग श्वास घे. मग हात उचल. लोक उलटं करतात."

एप्रिलमधल्या मॅचेस म्हणजे शिक्षाच. निळ्या शर्टाच्या आत मी दोन थर्मल घालायची, वर छातीचं पॅड, पायांना गार्ड, तोंडावर मास्क. निळा शर्ट म्हणून अंपायरला सगळे 'ब्लू' म्हणतात. मेधा हे नाव तिथं कुणाला लागत नाही. आउटफिल्डमध्ये हंसांसारखी मोठी करडी बदकं चरत असायची आणि मॅच सुरू करण्याआधी त्यांना हुसकावून लावावं लागायचं. डोक्यावरून दर दोन मिनिटांनी ओहेअर विमानतळाकडे उतरणारं विमान जायचं. मे महिन्यात गवत कापल्याचा वास यायचा, ताज्या चुन्यानं आखलेल्या रेषा उन्हात डोळ्यांवर यायच्या, पोरं सूर्यफुलाच्या बिया फोडून टरफलं थुंकत बसायची. जूनमध्ये कॉटनवूडच्या झाडांचा कापूस सुटायचा आणि मास्कच्या जाळीत अडकायचा. सावरीचा कापूस सुटतो तसाच. मला सांगलीच्या शाळेचं पटांगण आठवायचं आणि नेमकी तेव्हाच एखादी पिच, म्हणजे टाकलेला चेंडू, नजरेतून निसटायची.

हॉलिसकाकांबरोबर बाकावर बसलं की खेळापेक्षा खेळाच्या गोष्टी जास्त व्हायच्या. बेसबॉलबद्दल अमेरिकन माणूस बोलायला लागला की घरच्या माणसाबद्दल बोलतोय असं वाटतं: कौतुक संपता संपत नाही आणि मध्येच कुठंतरी आवाज खाली जातो. आवाज खाली जाण्याच्या त्या जागा मी हळूहळू ओळखायला लागले. औषधं टोचून दंड फुगवलेले आणि विक्रम करून बसलेले फलंदाज, त्यांचं करायचं काय हे अजून ठरत नाही. कॅमेरा लावून समोरच्या कॅचरच्या खुणा चोरणारा आणि तरीही विजेतेपदाचा झेंडा न उतरवणारा संघ. मोठ्या लीगमध्ये बाई अंपायर म्हणून उभी राहायला अगदी परवापरवापर्यंत लागलेला वेळ. आणि सगळ्यांच्या तळाशी असलेली ती पहिली गोष्ट, की कित्येक दशकं कृष्णवर्णीय खेळाडूंना या खेळानं दाराबाहेर ठेवलं. त्यांनी आपल्या वेगळ्या लीग काढल्या, वेगळी मैदानं गाजवली.

हॉलिसकाकांचे वडील अशाच एका फिरत्या संघाचे शॉर्टस्टॉप होते, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारे. हॉटेलं खोली देत नसत म्हणून ते बसमध्येच झोपायचे. अलीकडे त्या वेगळ्या लीगमधले आकडे मुख्य नोंदींत सामील केले गेले, तेव्हा काकांनी फोनवर पानंच्या पानं वर सरकवत वडिलांचं नाव शोधलं. सापडलं नाही. त्या लहानशा संघाच्या मॅचेस कुणी नोंदवल्याच नव्हत्या. "आणि गंमत माहितीये का?" ते म्हणाले. "आम्हाला घ्यायचं नाही असा नियम म्हणशील तर धड कुठे लिहिलेलासुद्धा नव्हता. सगळ्यांना नुसता माहीत होता." मला तेव्हा ती इतिहासातली गोष्ट वाटली.

गेला मोसम माझा दुसरा. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी माझ्याकडे त्याच दोन संघांच्या लागोपाठ दोन मॅचेस होत्या, बारा वर्षांखालच्या मुलामुलींच्या. एका संघात रिया लिमये होती. तिचे आईबाप मंडळात ओळखीचे. गणपतीत आरतीला भेटतो, एवढी ओळख. दुसऱ्या संघाचा कोच रँडी, आणि त्याचा मुलगा कोल त्याच संघात. सकाळच्या मॅचमध्ये मी रियाला तिसऱ्या स्ट्राइकवर परत पाठवलं. ती जाताना कुजबुजली, "काकू, दॅट वॉज आउटसाइड." मी म्हटलं, "गो सिट डाऊन." ती मॅच रँडीचा संघ जिंकला.

मधल्या सुट्टीत मी गाडीच्या डिकीवर टेकून पाणी पीत होते. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले रियाचे आजोबा स्वेटर आणि टोपी घालून हळूहळू चालत माझ्याकडे आले. हातात स्टीलचा डबा.

"सकाळपासून उन्हात उभ्या आहात. दोन घास खाऊन घ्या."

"नको आजोबा, खरंच नको."

"अहो, थालीपीठ आहे. मीच लावलंय. लोणीही आहे."

"नको हो, भूक नाहीये."

"आमच्या पोरीला आउट दिलंत म्हणून रागावलो नाही मी. खा."

आता यापुढे तुम्हीच सांगा काय करायचं. आपल्यात दोनदा नको म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं असतं. तिसऱ्यांदाही नको म्हटलं तर माणूस दुखावतो. मी अर्धं थालीपीठ खाल्लं, उभ्या उभ्या, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. लपवण्यासारखं काही आहे हे मनात आलं असतं तर गाडीत बसून खाल्लं असतं. थालीपीठ उत्तम झालं होतं, हेही सांगून टाकते.

दुसरी मॅच शेवटच्या इनिंगला बरोबरीत होती. रिया तिसऱ्या बेसवर, तिथून होम प्लेट गाठली की धाव. बॅटरनं जमिनीलगत फटका मारला, रिया सुटली, चेंडू होम प्लेटकडे आला, कॅचर वळला, ती घसरली आणि नुसती धूळ उडाली. मी दोन्ही हात आडवे पसरले. सेफ. रियाचा संघ जिंकला.

रँडी माझ्यापर्यंत चालत आला. ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

"लंच कसं होतं, ब्लू?"

मला क्षणभर कळलंच नाही.

"ग्रँडपा तुला जेवायला घालतो आणि त्याची पोरगी सेफ. यू पीपल असंच करता वाटतं?"

पोरं ऐकत होती. रिया गुडघ्यावरची माती झटकत होती, तिचा हात तिथंच थांबला. कुंपणापलीकडून आजोबांनी विचारलं, "काय म्हणतायत ते?" मी म्हटलं, "काही नाही आजोबा, खेळातलं." घरी जाताना एका सिग्नलला मी गाडीत मोठ्यानं रडले. अपमानानं नाही म्हणता येणार, रागानं रडले. मला राग आला की आधी डोळे भरतात, आणि या सवयीचाही मला राग येतो.

सोमवारी तक्रार आली आणि सोबत कुणीतरी फोनवर काढलेला व्हिडिओ. मी तो हळू करून अकरा वेळा पाहिला. चेंडू धरलेला कॅचरचा ग्लव्ह रियाच्या गुडघ्याला आधी लागला होता. पाय प्लेटला मागाहून. ती आउट होती.

तोच व्हिडिओ मला हवा तितका हळू करता येत होता. मैदानात मला एक क्षण मिळाला होता. आता मोठ्या मॅचेसमध्ये खेळाडू डोक्यावरच्या हेल्मेटला हात लावून स्ट्राइक की बॉल याची यंत्राकडे दाद मागू शकतो, आणि निकाल पडद्यावर दिसतो. यंत्राला थालीपीठ कुणी देत नाही, ही त्याची मोठी सोय. मी मात्र दोन दिवस स्वतःला एकच प्रश्न विचारत होते: मी चुकले, की मी झुकले? ऑफिसात करते तसं कागदावर मैदान काढलं, सगळे कुठे उभे होते ते लिहिलं. मी प्लेटच्या चुकीच्या बाजूला उभी होते. कॅचरची पाठ आडवी आली होती आणि ग्लव्ह मला दिसलाच नव्हता. न दिसलेली गोष्ट मी दिसल्यासारखी सांगितली. चूक पक्की सापडली. तरी मनाच्या कोपऱ्यातलं सगळं आपल्याला माहीत असतं असं छातीठोकपणे कोण सांगेल?

"सोड ना यार," सुहास म्हणाला. "फुकटचा ताप. शनिवारी आपण निवांत झोपू, इडल्या करू."

"मी सोडलं तर तो म्हणाला ते खरं ठरेल."

"कुणाच्या लेखी?"

"रियाच्या," मी म्हटलं. त्यानंतर इडलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

लीगच्या समितीनं लायब्ररीच्या खोलीत बोलावलं. तीन माणसं, तिन्ही सौम्य, पुढ्यात कॉफी. मी चुकून जिंकून दिलेल्या मॅचचा निकाल बदलता येत नाही, ते म्हणाले. मग त्यांच्यातली अध्यक्षीण म्हणाली, "मेधा, वी लव्ह हॅविंग यू. पण यापुढे ज्या टीममध्ये तुमच्या कम्युनिटीची मुलं आहेत त्या मॅचेस तुला द्यायला नकोत, असं आम्हाला वाटतं. तुझ्याच प्रोटेक्शनसाठी. आम्ही कुठं लिहिणार वगैरे नाही, फक्त लक्षात ठेवू."

आमच्या भागात देशी मूल नसलेली टीम शोधून दाखवा. मला घरीच बसवत होते, फक्त हसतमुखानं.

त्या मीटिंगच्या आदल्या दिवशी मी हॉलिसकाकांच्या घरी गेले होते. ते मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी पंचविशीत अंपायरिंग सुरू केलं, तेव्हा मलाही फक्त आमच्या वस्तीतल्या मॅचेस द्यायचे. तुला तिकडं बरं वाटेल, असं म्हणायचे. मी दोन वर्षं हो म्हटलं." त्यांनी गुडघ्यावरची पिशवी सरकवली. "त्या दोन वर्षांचा मला अजून राग आहे. त्यांच्यावरचा कधीच गेला. माझ्यावरचा जात नाही."

म्हणून मीटिंगमध्ये माझा आवाज कापला नाही. मी म्हटलं, "रियाला सेफ दिलं, ते चुकलं. माझी जागा चुकली होती. दोन मॅचेसच्या मध्ये एका टीमच्या घरचं खाल्लं, तेही चुकलं. आमच्याकडे नाही म्हणायला जड जातं, पण तिथं मी अंपायर होते आणि मला नाही म्हणता यायला हवं होतं. पुन्हा खाणार नाही. या दोन्ही चुका माझ्या नावावर लिहा. पण तिसरी, मी न केलेली, लिहू नका." मग विचारलं, ज्या अंपायरची मुलं कोचच्या मुलांबरोबर शाळेत जातात, जे रविवारी एकाच चर्चमध्ये बसतात, एकमेकांच्या अंगणात बार्बेक्यू खातात, त्यांनाही त्या मॅचेस देणार नाही ना? "हा नियम सगळ्यांसाठी करा आणि लिहून काढा. मी पहिली सही करते." आम्ही कळवू, असं ते म्हणाले.

कळवलं काहीच नाही. पुढच्या शनिवारी मॅच आली नाही. मी निळा शर्ट घातला, गार्ड आणि मास्क डिकीत टाकले, आणि मैदानाशेजारी खुर्ची टाकून बसले. कुणाशी भांडले नाही, पाटी धरली नाही. बघत बसले, कॅचर वळतो तेव्हा प्लेटच्या कुठल्या बाजूला सरकलं म्हणजे ग्लव्ह दिसतो. हवेतला कापूस शर्टाला चिकटत होता. ओळखीच्या आया हात हलवून घाईघाईनं पुढे जात. आजोबा एकदा आले, शेजारी बसले, या खेपेला हात रिकामे. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं होतं.

"माझ्यामुळे झालं हो."

"नाही आजोबा. थालीपीठ मी खाल्लं."

"सोडणार नाही ना?"

"नाही."

"मग झालं," म्हणाले, आणि मॅच संपेपर्यंत बसून राहिले. दुसरा शनिवार असाच गेला. त्या दिवशी मला मनापासून वाटलं की सुहास म्हणतो ते खरं आहे, हे खूळच आहे. पन्नाशीची बाई पोरांच्या मैदानाशेजारी कशाची वाट पाहत बसली आहे, कुणी विचारलं तर मी काय सांगणार? तरी तिसऱ्या शनिवारी गेले. जाणं सोपं होतं म्हणून गेले नाही. न जाऊन घरात बसणं मला जमेना.

हे लिहिते आहे तोवर यंदाची मॅचेसची यादी आली आहे. माझ्या नावापुढे पहिल्याच महिन्यात सहा मॅचेस आहेत आणि जवळजवळ प्रत्येक टीममध्ये कुणी पटेल, रेड्डी, जोशी आहे. समितीनं तो नियम कधी केला नाही, आणि करणार होतो असंही पुन्हा म्हटलं नाही. या गोष्टी अशाच मिटतात बहुधा. मला माफीपेक्षा मॅचेस हव्या होत्या.

पण ते त्या यादीनं मिटलं नाही. ते मिटलं गेल्या जूनच्या त्या तिसऱ्या शनिवारी. नेमलेल्या अंपायरची गाडी हायवेवर बंद पडली. दोन्ही संघ तयार, पोरं कंटाळून एकमेकांच्या टोप्या उडवत होती. अंपायर नाही तर मॅच नाही. मी जागची हलले नाही. एक संघ रँडीचा होता, आणि त्यानं फोनवर समितीतल्या कुणाशी तरी बोलता बोलता माझ्याकडे दोनदा पाहिलं. मग फोन खिशात घालून तो कुंपणापर्यंत आला.

"गिअर आणलंयस, ब्लू?"

"डिकीत आहे."

"पाच मिनिटांत सुरू करता येईल?"

"तीन," मी म्हटलं.

तिसऱ्या इनिंगमध्ये त्याचा कोल बॅटिंगला आला. एक आउट, दोन बेसवर पळणारे, आणि कोलचे दोन स्ट्राइक झालेले. रँडी तिसऱ्या बेसजवळ हाताची घडी घालून उभा. खरं सांगते, मनात आलं. आता जे येईल त्याला बॉल म्हण, मेधा. कुणाला शंका येणार नाही, उलट सगळे म्हणतील, बघा, किती निःपक्षपाती बाई आहे. त्या दिवशी मला कळलं की झुकायला डबाच लागतो असं नाही, भीती पुरते.

पिच खाली आली, कोपऱ्यावर आली, कोलच्या गुडघ्याच्या वाटीसमोरून प्लेट ओलांडून ग्लव्हमध्ये बसली. मी पाहिली. श्वास घेतला. मग हात उचलला.

"स्ट्राइक थ्री!"

रँडीनं दोन्ही हात आभाळाकडे फेकले. "ब्लू! दॅट वॉज लो! कम ऑन! डोळे तपासून घे!"

मी पुढचं ऐकायला थांबले. लंच. ग्रँडपा. यू पीपल. काही आलं नाही. पिच खाली होती आणि माझे डोळे अधू आहेत, एवढंच त्याचं म्हणणं होतं. तिथं हॉलिसकाका उभे असते तरी तो हेच ओरडला असता, गावातला कुणीही उभा असता तरी हेच. मास्कच्या आत मला इतकं हसू आलं की प्लेटवरची धूळ झटकायच्या निमित्तानं मी त्याच्याकडे पाठ केली, आणि मग पुढच्या बॅटरला बोलावलं.